हाव म्हणजे होय

धामणखुट्याच्या जनसुनावणीचं इतिवृत्त मी लिहिलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं. पण अक्षर माझं आहे, सही माझी आहे आणि सहीखाली 'देवमन इढोळे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक' असं मीच ठसठशीत लिहिलं आहे. त्यामुळे ती सोय राहिलेली नाही.

आमचं गाव शेलूबाजारहून आत सात किलोमीटर. गावाच्या उत्तरेला चराईची सरकारी जमीन आहे. तिला सगळे ई-क्लास म्हणतात. गायरान म्हणणारा गावात मी एकटा. त्या ई-क्लासवर चार शहरांचा कचरा आणून जाळायचा आणि त्यातून वीज काढायची, असा प्रकल्प एका कंपनीने आणला. कचरा आमचा नाही, वीजही आम्हाला मिळणार नाही, फक्त जाळायचं काम आमच्याकडे. पण आधी गावाला विचारावं लागतं, म्हणून सुनावणी ठरली.

विचारणाऱ्या कार्यालयाची अडचण अशी, की त्यांचा लघुलेखक पुण्याकडचा होता. आधीच्या एका सुनावणीत कोणीतरी चिडून "काहून झामल झामल करून राह्यले?", म्हणजे कशाला उगाच घोळ घालताय, असं ओरडलं, तर त्याने झामल हे गावाचं नाव समजून लिहून टाकलं होतं. या वेळी त्यांना इथली बोली समजणारा आणि कागदावर नीट मराठी लिहिणारा माणूस हवा होता. सरपंच मदनसिंगांनी माझं नाव सुचवलं. "गुरुजी, तुमाले दोन्ही भाषा येतेत," ते म्हणाले.

"येतात," मी दुरुस्त केलं.

चौतीस वर्षं मी हेच केलं. 'मले' लिहिणाऱ्या पोरांकडून 'मला' शंभर वेळा लिहून घेतलं. आमच्याकडच्या मुली 'मी जातो' म्हणतात, त्यांना 'मी जाते' म्हणायला लावलं. कोणी 'हाव' म्हटलं की त्याला उभं करून सांगायचो, हाव म्हणजे लोभ, लेका, माणसासारखं होय म्हण. गावातले लोक पाठीमागे मला 'पुस्तक' म्हणतात. माझी बायको वैजयंती तोंडावर म्हणते, "घरात तरी पुस्तक मिटवत जा." मला याचा अभिमान होता, ते कशाला लपवू? सुनावणीचं पत्र आलं त्या दिवशी मी नवा पेन घेतला आणि दोनदा दाढी केली.

आता गोजराबाईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिचंच आहे.

कंपनीच्या अर्जाला एक अट होती. कारखान्याच्या भिंतीपासून पाचशे मीटरच्या आत जे घर येईल, त्या घराची संमती लागणार होती. नकाशावरच्या त्या गोलात नेमकं एकच घर पडत होतं, गोजराबाईचं. तिचा नवरा जगदेव याने ई-क्लासला लागून असलेल्या आपल्या अर्ध्या एकरात ते बांधलं होतं. जगदेव जाऊन नऊ वर्षं झाली. गोजराबाई तिथे चौदा बकऱ्या घेऊन एकटी राहते. सकाळी दार उघडलं की बकऱ्या थेट चराईवर. त्यांना हाकायलाही लागत नाही. गावात घर दिलं तर बकऱ्या कुठे चारणार, हा तिचा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. तिने नाही म्हटलं तर कंपनीला नकाशा गुंडाळून दुसरीकडे जावं लागणार होतं. हे तिला मीच समजावून सांगितलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, मले नाही म्हणाचं आहे. कवा म्हणू?"

"तुमचं नाव पुकारतील. तेव्हा उभं राहून स्पष्ट म्हणा. त्याआधी मध्ये बोलू नका. साहेब लोक बोलतील ते शांतपणे ऐकून घ्या."

"ऐकाले काय जाते," ती म्हणाली. "ऐकतो ना."

आमच्याकडे ऐकायची एक रीत आहे. समोरचा बोलत असला की मुकाट बसायचं नसतं. कोणी बैल कसा बुजला ते सांगो, कोणी लेकीच्या सासरचं रडगाणं गावो, ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला आवाज द्यायचा. हाव. बरं. हाव ना. मंग? असा हुंकार आला नाही तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, "राग आला का बाप्पा?" हुंकार देणाऱ्याला सगळं पटलंच पाहिजे असं काही नसतं. तू बोल, मी इथे आहे, एवढंच त्यात असतं. आणि हुंकार द्यायला गोजराबाईसारखं दुसरं माणूस गावात नाही. तिच्याजवळ दुखणं सांगायला बाया इंझोरीपर्यंतच्या येतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी याच मातीत वाढलो, माझी आई मला हुंकार देत देतच जेवू घालायची. मला सगळं माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, इतकंच.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, दोन मोठे कूलर, पाण्याच्या बाटल्या, उपमा. पडद्यावर कारखान्याचं चित्र होतं आणि त्याच्याभोवती अशी हिरवळ की आमच्या तालुक्यात ती कोणी जन्मात पाहिली नसेल. सुनावणी घेणारे साहेब मधे बसले. सगळं मोबाइलसारख्या एका कॅमेऱ्यात भरून घेतलं जात होतं. साहेबांनी मला बाजूचं टेबल दिलं आणि सांगितलं, "गुरुजी, जे बोललं जाईल ते सगळं लिहा. एक शब्द सोडू नका." मला उगाच भरून आलं. इतक्या वर्षांत कोणा साहेबाने मला शब्दांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

गोजराबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. वय झालेल्या बाईला पुढे बसवतात, तसं बसवलं होतं.

कंपनीच्या वर्षाराणी मॅडम माहिती द्यायला उभ्या राहिल्या. बोलणं गोड, मराठी चांगली. "या प्रकल्पातून डोळ्यांना दिसेल असा धूर निघणार नाही," त्या म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. सगळा मंडप गप्प. गोजराबाईला ते बरं वाटलं नसावं. बाई एवढी बोलून राहिली आणि कोणी ब्र काढत नाही.

"हाव," ती म्हणाली.

मॅडमचा चेहरा खुलला. "कचरा बंद गाड्यांमधून येईल. वास येणार नाही."

"हाव. बरं."

"उरलेल्या राखेच्या विटा तयार होतील."

"हाव."

मागे कोणी हसलं. मॅडम आता तिच्याकडेच पाहून बोलू लागल्या, जसा वर्गात मान हलवणाऱ्या पोराकडे पाहून मी शिकवायचो. "आजी, तुमच्या घरापासून आमची भिंत एकशे ऐंशी मीटरवर येईल."

"हाव."

"तुम्हाला त्रास नको म्हणून कंपनी तुम्हाला गावात पक्कं घर बांधून देईल."

"हाव."

"आणि तुम्ही ही जागा प्रकल्पासाठी मोकळी करून द्याल."

"हाव, हाव. सांगा," गोजराबाई म्हणाली.

मी भराभरा लिहीत होतो. कच्च्या वहीत मी 'हाव'च लिहिलं होतं, ती वही अजून माझ्याकडे आहे. सात वेळा.

मग गावकऱ्यांची पाळी आली. विहिरींचं पाणी, जनावरं, पोरांचा खोकला, रस्त्यावरच्या गाड्या, एकेक जण उठून बोलला. शेलूबाजारचे सैफुद्दीन, बकऱ्यांचे व्यापारी, हेही आले होते. ते म्हणाले, "साहाब, उद्या हे बकरे प्लास्टिक खातील आन् माणसं बकरे खातील. त्याचं बी एक चित्र काढा ना पडद्यावर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वाजत आले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, यादी पाहिली. गोजराबाईचं नाव यादीत शेवटून तिसरं होतं. तिला अंदाज आला असावा, ती आधीच उभी राहिली होती, पदर खोचून.

"आजींचं तर आपण सुरुवातीलाच ऐकलं," साहेब हसून म्हणाले, "बसा आजी." आणि त्यांनी सुनावणी संपल्याचं जाहीर केलं.

मी टेबलाशीच होतो. 'सर, यांचं बोलणं राहिलं' एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती? पण मी वाक्य पूर्ण करत होतो. लेखनिकाने मध्ये तोंड घालू नये असा एक नियम मी स्वतःच स्वतःसाठी करून ठेवला होता.

मंडप उतरत असताना ती माझ्याजवळ आली. "मास्तर, माहा नंबर तं आलाच नाही."

"राहिला. काळजी करू नका. आठ दिवसांत लेखी हरकत देता येते. मी लिहून देईन."

"मंग तुमीच द्या. तुमचं लिवलेलं कोन मोडन?"

ते आठ दिवस मी काय केलं? इतिवृत्ताची पक्की प्रत केली. बावीस पानं. प्रत्येकाचं बोलणं घासूनपुसून स्वच्छ केलं. 'आमच्या हिरीचं पानी नासन' याचं 'आमच्या विहिरींचे पाणी दूषित होईल' झालं. 'हाव'चं 'होय' झालं, सातही ठिकाणी. 'सांगा' हा शब्द मला पाल्हाळ वाटला, तो मी काढून टाकला. एक पान तर तीनदा लिहिलं, कारण शिरोरेघ वाकडी आली होती. गोजराबाईची लेखी हरकत लिहायची राहिली. विसरलो नव्हतो, उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत राहिली. वैजयंतीने एकदा विचारलं, "गोजराबाईचं लिवलं का?" मी तिच्यावर खेकसलो, की आधी सरकारी काम. आणि मुदत निघून गेली.

नियमाप्रमाणे इतिवृत्त ग्रामपंचायतीत वाचून दाखवायचं होतं. मी उभा राहून वाचलं. छान वाचलं. गोजराबाईची ओळ आली तशी मी वाचली, "श्रीमती गोजराबाई : होय."

ती लगेच बोलली. "मी कवा होय म्हतलं? मी काय पुण्याची आहो का?"

सगळी ग्रामपंचायत हसली. मीही हसलो. "गोजराबाई," मी म्हणालो, "हाव म्हणजेच होय. कागदावर शुद्ध लिहावं लागतं."

"असं असते का? म्या आपलं होय नाही म्हतलं, एवढं सांगून राह्यली." मग तिने पदराने तोंड पुसलं. "लिवा मंग. तुमाले समजते."

तिने खाली सही केली. 'गोजरा' एवढंच, तीन अक्षरं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मीच शिकवली होती.

साहेबांचं अभिनंदनाचं पत्र मला आलं. 'इतके निर्दोष इतिवृत्त या कार्यालयास प्रथमच प्राप्त झाले.' ते मी चार जणांना दाखवलं.

दीड महिन्याने गोजराबाई दारात उभी राहिली. हातात लिफाफा होता. "वाचा बरं. काय म्हणून राह्यले?"

प्रकल्पाला परवानगी मिळाली होती. कारणांत चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, की पाचशे मीटरच्या आतील एकमेव कुटुंबाने सुनावणीत स्थलांतरास सहमती दिली असून ती इतिवृत्तात सात वेळा नोंदलेली आहे. घर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं.

मी ते मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं.  ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"वाचा ना मोठ्यानं."

मी वाचलं. तिला 'स्थलांतरास सहमती' कळलं नाही, तर मला ते सोपं करून सांगावं लागलं. तुम्ही घर सोडायला तयार आहात, असं तुम्ही सात वेळा म्हणालात.

"मी?" ती म्हणाली. "मी तं बोललीच नाही. माहा नंबर आला नाही."

मला तिथल्या तिथे जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. "गोजराबाई, तुम्ही त्या मॅडम बोलत असताना हाव हाव म्हणालात ना. ते मी होय लिहिलं. त्यांनी ते धरलं."

तिने लिफाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते तं ऐकाचं हाव होतं, मास्तर. तुमाले नाही समजलं? तुमी तं अथीचे, आपल्याच गावचे आहा." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि मला ते जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जिल्ह्याच्या गावी निघालो. सैफुद्दीनभाईंच्या पिकअपमधून, पुढे आम्ही तिघं, मागे बाजाराला न्यायचे चार बोकड. गोजराबाई तेच नवं लुगडं नेसून आली होती. वाटेत मी त्यांना सांगितलं, की मी साहेबांना भेटतो, सगळं नीट होईल. मला तसं खरंच वाटत होतं.

साहेबांनी आम्हाला लगेच आत घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. वाईट असता तर माझी थोडी सुटका झाली असती. त्यांनी चित्रीकरण लावून पाहिलं. "हाव स्पष्ट ऐकू येतंय," ते म्हणाले. "पुढचं काही कूलरच्या आवाजात जातंय."

सैफुद्दीनभाई पुढे सरकले. "साहाब, या बाईकडून मी वीस साल बकरे घेऊन राह्यलो. मी भाव सांगतो, हे हाव म्हनते. मी म्हनतो माल हलका आहे, हे हाव म्हनते. दोन घंटे हाव हाव. आन् आखरी में बकरा देत नाही! हिच्या हाववर मी सौदा पक्का धरला असता, तं माहं दुकान कवाच बंद झालं असतं."

साहेब हसले. गोजराबाईही हसली. मग साहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, भाषेचे जाणकार तुम्ही. हाव म्हणजे काय?"

"होय," मी म्हणालो. "पण…"

"पण इथे तो अर्थ नव्हता, असं तुमचं म्हणणं?"

"तसंच."

"मग सोपं आहे." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "इतिवृत्त लिहिताना माझी चूक झाली, एवढं एक वाक्य लिहून सही करा. लिहिणाऱ्यानेच चूक मान्य केली तर मला सुनावणी पुन्हा लावावी लागेल. मग आजी उभ्या राहून काय म्हणायचं ते म्हणतील. दुसरं काहीही मला चालणार नाही."

एवढं सोपं होतं. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दार उघडून कार्यालयातला बाबू फाइल घेऊन आत आला. मला पाहून थबकला आणि वाकून पाया पडला. "गुरुजी! मी लखन. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची बॅच." मग साहेबांना म्हणाला, "सर, हे आमचे देवमन गुरुजी. यांनी आमची एक वेलांटी सोडली नाही. चूक म्हणून यांच्या हातून होतच नाही. ते इतिवृत्त मी साऱ्या ऑफिसला दाखवलं, सर. मराठी असं लिहावं म्हटलं." तो गेला नाही. माझ्या खांद्याशी उभा राहिला, गुरुजी काय लिहितात ते पाहायला, चेहऱ्यावर ते जुनं कौतुक.

मी कागदाकडे पाहिलं. 'माझी चूक झाली.' तीन शब्द. माझा हात हलेना. समोर घर जायची वेळ आलेली बाई बसली होती आणि मला काळजी पडली होती ती लखनला काय वाटेल याची. याला दुसरं काही नाव देता येत नाही. मी देऊन पाहिलं आहे.

आणि मग हात हलला. मी लिहिलं : 'बोलीतील उच्चार व त्याचे प्रमाण रूप यांत अर्थच्छटेचा किंचित फरक संभवतो, ही बाब कृपया विचारात घ्यावी.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

"वा," लखन हळूच म्हणाला.

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "एवढंच लिहायचंय तुम्हाला? पक्कं?"

"हो. त्यात सगळं आलं."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी कागद फाइलला लावला. मला वाटतं, त्या माणसाने मला शेवटची संधी दिली होती.

परतताना गोजराबाईने विचारलं, "चुकलं म्हणून लिवलं ना, मास्तर?"

"त्याच अर्थाचं," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. सैफुद्दीनभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कागद वाचता आला नव्हता, पण माणूस त्यांना वाचता येत होता. 

घरी वैजयंतीला मी वाक्य म्हणून दाखवलं. तिने भाकरी थापता थापता ते ऐकलं. "आन् हे चुकलं म्हणून कुठी आहे यात?" तिने विचारलं. मी ताटावरून उठलो. 

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते गोजराबाईच्या नावाने होतं, पण पोस्टमनने ते माझ्याकडे आणून दिलं. तिची पत्रं मीच वाचतो हे त्याला माहीत होतं. मी ते घेऊन तिच्या घराकडे निघालो. ई-क्लासवर सिमेंटचे खांब येऊन पडले होते. दोन माणसं दोरी धरून रेघ आखत होती आणि तिच्या बकऱ्या त्या दोरीखालून ये-जा करत होत्या. ती माणसं त्यांना हाकत होती, पण बकऱ्या परत येत होत्या.

गोजराबाई दारात बसून पाला तोडत होती. मला पाहून तिने बाज सरकवली. मी बसलो. तिने पत्राकडे बोट दाखवलं, वाचा.

मी वाचलं. मोठ्याने, जसंच्या तसं. 'इतिवृत्त लेखकाने इतिवृत्तात चूक झाल्याचे नमूद केलेले नाही. त्यांच्याच निवेदनानुसार अर्थामध्ये केवळ किंचित फरक संभवतो. किंचित फरकाच्या आधारे निर्णयाचा फेरविचार करता येत नाही. सबब फेरविचाराची विनंती निकाली काढण्यात येत आहे.'

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. 

"मास्तर," ती म्हणाली, "किंचित म्हंजे काय?"

"जरासं. थोडंसं."

"हा सबद तुमी लिवला का त्यायनं?"

"मी लिहिला."

तिने हातातला पाला खाली ठेवला. दोरीवाल्या माणसांनी पहिला खांब उभा केला होता आणि तो सरळ आहे का ते डोळा बारीक करून पाहत होते. तिनेही थोडा वेळ तिकडे पाहिलं.

"मले लिवनं फार येत नाही," ती म्हणाली, "म्हणून इचारतो. चुकलो, हे लिवाले लय अवघड असते का?"

"नाही," मी म्हणालो. "पहिलीच्या पोराला येतं."